राजहंसाचे पिल्लू: आधी जात ओळखा, मग नर-मादी

बाजारातून 'जोडी' म्हणून आणलेली राजहंसाची दोन पिल्ले वाढून दोन्ही माद्या निघणे, किंवा दोन्ही नर निघणे, हे नव्या पाळणाऱ्यांच्या बाबतीत फार वेळा घडते. विकणारा दर वेळी फसवतो असे नाही. राजहंसाच्या बहुतेक जातींत लहानपणी नर आणि मादी बाहेरून अगदी सारखे दिसतात. मग कोंबडीच्या किंवा बदकाच्या खुणा राजहंसाला लावल्या जातात आणि तिथेच चूक होते. बदकाच्या नराला शेपटीवर वर वळलेले कुरळे पीस येते, म्हणून लोक राजहंसाच्या शेपटीत ते शोधत बसतात. राजहंसाच्या नराला ते पीस कधीच येत नाही. तुरा नाही, कल्ले नाहीत, नराचा वेगळा रंगही बहुतेक जातींत नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी पिल्लू कशाचे आहे ते पाहा, मग वय, मग जात आणि शेवटी नर-मादी. जात कळल्याशिवाय नर-मादीची खूण वाचता येत नाही, कारण एका जातीत चालणारी खूण दुसऱ्या जातीत निरुपयोगी ठरते.

पिल्लू नक्की राजहंसाचेच आहे का?

पांढऱ्या पेकिन बदकाचे पिल्लू आणि पांढऱ्या चिनी राजहंसाचे पिल्लू, दोन्ही पिवळीधमक. टोपलीत एकत्र असली तर नवखा माणूस गोंधळतोच. चोच बाजूने पाहा. बदकाची चोच पसरट, चपटी, पळीसारखी असते आणि नाकपुड्या मुळाजवळ असतात. राजहंसाची चोच मुळाशी उंच, टोकाकडे निमुळती, बाजूने त्रिकोणी दिसते आणि नाकपुड्या साधारण चोचीच्या मध्यावर असतात. पहिल्या दिवशी राजहंसाचे पिल्लू साधारण ८० ते १०० ग्रॅम भरते, बदकाचे ४० ते ५५ ग्रॅम. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा यासाठी पुरतो.

आणखी एक सोपी परीक्षा आहे. दोन-तीन दिवसांच्या पिल्लांपुढे कोवळ्या हरळीची जुडी धरा. राजहंसाची पिल्ले पाते चोचीत पकडून ओढून तोडायला लागतात. बदकाची पिल्ले पाण्याकडे आणि ओल्या भरड्याकडे वळतात.

तळ्याकाठी सापडलेले पिल्लू 'जंगली राजहंसाचे' म्हणून कोणी देऊ केले तर घेऊ नका. हिवाळ्यात उजनी आणि जायकवाडीच्या जलाशयांवर येणारे पट्टकदंब हे जंगली राजहंस लडाख, तिबेट, मंगोलियाकडे अंडी घालतात. त्यांची लव असलेली पिल्ले महाराष्ट्रात असूच शकत नाहीत. असे पिल्लू बहुधा हळदी-कुंकू बदकाचे निघते, आणि ते इथलेच रहिवासी आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे जंगली पक्षी किंवा त्यांची पिल्ले घरी ठेवता येत नाहीत. ते होते तिथेच राहू द्यावे, आई जवळपास असते.

वय पिसांवरून वाचा

'महिन्याचे आहे' या शब्दावर जाऊ नका. अंगभर नुसती लव असेल तर पिल्लू तीन आठवड्यांच्या आतले. खांद्यावर, शेपटीवर आणि पोटाच्या बाजूंना सुयांसारखी पिसांची टोके फुटलेली असतील तर तीन ते चार आठवडे. पोट आणि खांदे पिसांनी भरले पण पाठीवर लव उरली असेल तर पाच ते सहा. आठ-नऊ आठवड्यांत अंग बहुतेक झाकले जाते. पंखांची लांब पिसे पूर्ण व्हायला त्यानंतरही दोन-तीन आठवडे लागतात. खाणे कमी पडले तर पिसे उशिरा येतात, त्यामुळे बारीक पिल्लू दिसते त्यापेक्षा आठवडाभर मोठे असू शकते.

वय का हवे? कपाळाची गाठ (काही जातींत चोचीच्या मुळाशी येणारे टेंगूळ), चोचीचा पक्का रंग, आवाज ही सगळी वेळापत्रकाने येणारी लक्षणे आहेत. सहा आठवड्यांच्या पिल्लाला गाठ नाही म्हणून ते चिनी नाही, असा निष्कर्ष काढणे चूक.

जात: आधी घराणे, मग नाव

जगातले जवळजवळ सगळे पाळीव राजहंस दोन जंगली पूर्वजांपासून आले. एक ग्रेलॅग, म्हणजे आपला कलहंस. त्याच्यापासून एम्डेन, टूलूज, पिलग्रिम, सेबास्टोपोल अशा युरोपीय जाती झाल्या. दुसरा पूर्व आशियातला स्वान गूज. त्याच्यापासून चिनी आणि आफ्रिकन या जाती झाल्या. आफ्रिकन हे नावच फसवे आहे, त्या जातीचे मूळ चीनकडचे. महाराष्ट्रात घरोघरी दिसणारे राजहंस बरेचसे चिनी किंवा चिनी रक्त मिसळलेले असतात. भारताची स्वतःची नोंदणीकृत जात म्हणून काश्मीर अँझची नोंद कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे आहे, पण ती पिल्ले इकडच्या बाजारात मिळत नाहीत.

घराणे ओळखायला मान पाहा. कलहंसाच्या घराण्यात मानेवरची पिसे नांगरलेल्या शेतासारखी सरी पडलेली असतात, उभ्या खोल रेघा स्पष्ट दिसतात. चिनी घराण्यात मान गुळगुळीत, मखमलीसारखी. ही खूण अंगावर पूर्ण पिसे आल्यावरच वाचायची, आणि ओल्या मानेवर वाचायची नाही, कारण भिजलेली गुळगुळीत मानही रेघाळ दिसते. मानेवर पुसट, अर्धवट सऱ्या असतील तर संकर समजा. दोन्ही घराण्यांचा संकर होतो आणि त्यांची पिल्लेही पुढे प्रजननक्षम असतात, म्हणून आपल्याकडे मिश्र पक्षी भरपूर आहेत.

लवेच्या वयात रंगावरून जेवढे कळते ते असे:

– पूर्ण पिवळी लव, बारीक लांबट चोच, मान उंच ठेवणारे पिल्लू: पांढरा चिनी. मोठेपणी चोच, गाठ आणि पाय केशरी.

– वर तपकिरी, खाली पिवळसर लव, काळी चोच: तपकिरी चिनी. पिसे आल्यावर डोक्यापासून मानेच्या मागून खाली जाणारा गडद पट्टा स्पष्ट होतो, चोच आणि गाठ काळीच राहते.

– पिवळ्या लवेवर डोक्याला, पाठीला राखाडी ढग: एम्डेन किंवा पांढऱ्या-करड्यांचा संकर. एम्डेनचे राखाडी ढग पिसांबरोबर जातात, पहिल्या वर्षी कंबरेवर एखाद-दुसरे करडे पीस राहू शकते. मोठ्या पक्ष्याचे डोळे निळे.

– अंगभर राखाडी लव, जाड आखूड मान, भारी हाड: टूलूज किंवा तिचा संकर.

इथे एक सापळा आहे आणि त्यात बहुतेक जण अडकतात. टूलूजच्या पिल्लाची चोचही सुरुवातीला गडदच असते. काळी चोच पाहून लोक 'तपकिरी चिनी' म्हणून मोकळे होतात. आठ ते बारा आठवडे थांबा. टूलूजची चोच हळूहळू केशरी होते, तपकिरी चिनीची काळीच राहते. पायांचेही तसेच. करड्या-तपकिरी पिल्लांचे हिरवट काळे पाय पुढे केशरी होत जातात, म्हणून लहानपणीच्या पायांच्या रंगावरून काहीही ठरवू नये.

चिनी आणि आफ्रिकन यांतला फरक मात्र लवकर सांगता येत नाही. दोघांनाही गाठ येते. आफ्रिकनच्या गळ्याखाली बैलाच्या मानेखालच्या पोळीसारखी कातड्याची झोळी लोंबते, पण ती दिसायला सहा महिने, कधी वर्षापेक्षाही जास्त काळ लागतो. तोवर अंगकाठी पाहा. पूर्ण वाढलेला चिनी नर साधारण ५.५ किलो आणि मादी ४.५ किलो. आफ्रिकन नर १० किलोच्या आसपास, मादी ८ किलोच्या आसपास. तीन महिन्यांचे, पोटभर खाणारे पिल्लू सडपातळ, मान ताठ आणि अंग उभे ठेवणारे असेल तर ते चिनीच समजून चाला. विकणाऱ्याने 'आफ्रिकन' म्हणून जास्त पैसे मागितले तर त्याच्याकडचे आई-बाप दाखवायला सांगा. आई-बाप पाहणे ही जात ओळखण्याची सर्वांत खात्रीची रीत आहे आणि ती कोणी फारशी वापरत नाही.

रंगावरून नर-मादी: फक्त मोजक्या जातींत

पिलग्रिम ही अमेरिकेत १९३९ साली मान्यता मिळालेली जात यासाठी प्रसिद्ध आहे. तिचा नर पिवळट-चंदेरी लव आणि फिकट चोच घेऊन जन्मतो, मादी गडद हिरवट-राखाडी लव आणि गडद चोच घेऊन. मोठेपणी नर पांढरा, मादी करडी. कारण असे की रंग फिकट करणारे जनुक झेड गुणसूत्रावर असते. पक्ष्यांत नराला दोन झेड आणि मादीला एकच, म्हणून नरात फिकटपणा दुप्पट उतरतो. शुद्ध एम्डेनमध्येही मादीचे राखाडी ढग नरापेक्षा गडद असतात, पण हे पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच आणि शुद्ध वाणातच.

चिनी राजहंसात रंगावरून नर-मादी कळत नाही. 'जास्त पिवळा तो नर' हे पांढऱ्या चिनी पिल्लांबाबत निराधार आहे. संकरातल्या पिल्लांवर हा नियम लावणे म्हणजे नाणे उडवणे.

वेंट पाहून ओळखणे

वेंट म्हणजे शेपटीखालचे गुदद्वार. लहान वयात खात्रीने सांगणारी हाताची रीत हीच. कोंबडीच्या नराला बाहेर येणारे इंद्रिय नसते, राजहंसाच्या आणि बदकाच्या नराला असते, म्हणून ही तपासणी इथे शक्य होते. उत्तम वेळ पिल्लू बाहेर आल्यानंतर दुसरा-तिसरा दिवस, नाळ सुकलेली असताना. पुढे गुदद्वाराचा स्नायू घट्ट होत जातो आणि नवख्याच्या हाताला जमत नाही.

तयारी: नखे कापलेली, हात धुऊन कोमट केलेले, बसायला कमी उंचीचे स्टूल, मांडीवर टॉवेल, प्रखर उजेड. टॉर्च धरायला दुसरा माणूस असला तर काम निम्मे होते. पिल्लांनी पोटभर खाल्ल्यावर लगेच करू नका. खोली उबदार हवी, कारण गारठलेले पिल्लू अंग आवळून धरते.

१. पिल्लाची पाठ डाव्या तळहातात, पोट वर, डोके खाली, शेपटी तुमच्याकडे. बोटांनी अंगाला आधार द्या, छाती आवळू नका. पक्ष्याचा श्वास छातीच्या हालचालीवर चालतो, घट्ट मूठ म्हणजे श्वास बंद.

२. पोटाला हलका स्पर्श केला की बहुधा विष्ठा पडते. ओल्या कापसाने वेंट पुसा.

३. तर्जनीने शेपटी पाठीच्या दिशेने मागे वाकवा. ही पायरी टाळली तर पुढचे काही दिसत नाही.

४. दोन्ही अंगठे वेंटच्या दोन बाजूंना, कडेपासून दोन-तीन मिलिमीटरवर ठेवा. हळूच खाली दाबत बाहेरच्या बाजूला ओढा. आतला गुलाबी अस्तराचा भाग बाहेर उलटला पाहिजे. नुसती फट उघडली तर ती तपासणी झालेली नाही.

५. नर असेल तर मध्ये तांदळाच्या कणीएवढे, पांढरट-गुलाबी, टोकाकडे निमुळते, किंचित पिळलेले इंद्रिय वर येते. मादीत तसे काही वर येत नाही, गोलसर मऊ घड्या दिसतात.

६. दहा-पंधरा सेकंदांत दिसले नाही तर पिल्लाला उबेत ठेवा आणि नंतर पुन्हा पाहा. एका दिवसात दोनपेक्षा जास्त प्रयत्न नकोत. रक्त दिसले तर त्या पिल्लाची तपासणी तिथेच थांबवा.

यातली खरी गोम लक्षात ठेवा: इंद्रिय दिसले तर नर नक्की. दिसले नाही तर मादी 'असावी', एवढेच. वेंट पुरेसा उघडला नाही तर नरही मादीच दिसतो. म्हणूनच नवख्या हातून चूक नेहमी एकाच बाजूला होते, नरांना माद्या ठरवले जाते, आणि 'पाच माद्या' म्हणून घेतलेल्यांत दोन नर निघतात. उलट चूकही क्वचित होते: मादीच्या घडीचा फुगीर भाग नराचे इंद्रिय वाटतो. घडी बोथट आणि मऊ असते, दाब सोडला की पसरते. इंद्रियाला टोक असते आणि ते आपला आकार धरून राहते.

सर्व पिल्लांची तपासणी करून खूण करा, आणि दुसऱ्या दिवशी पहिली नोंद न पाहता पुन्हा तपासा. दोन्ही दिवसांचे उत्तर जुळले त्याच पिल्लांवर विश्वास ठेवा. शक्य असेल तर पहिली काही पिल्ले पशुवैद्यकासमोर किंवा अनुभवी हॅचरीवाल्यासमोर बसून करावीत. दाबाचा अंदाज वाचून येत नाही, हाताला शिकावा लागतो, आणि जास्त दाबाने पिल्लाला आतून इजा होते. काम झाल्यावर साबणाने हात धुवा. निरोगी दिसणाऱ्या पिल्लांच्या विष्ठेतही साल्मोनेला असू शकतो.

दोन महिन्यांनंतरच्या खुणा

चिनी राजहंसात आता गाठ कामाला येते. सहा ते आठ आठवड्यांत चोचीच्या मुळाशी किंचित उंचवटा जाणवू लागतो. नराचा उंचवटा आधी आणि जास्त येतो, पाच-सहा महिन्यांत त्याचे टेंगूळ बाजूने पाहताच वेगळे कळते. पण तुलना एकाच घाण्याच्या (एकाच वेळी उबवलेल्या), एकाच जातीच्या पिल्लांतच करा. गाठ पुढेही वाढत राहते, त्यामुळे दोन वर्षांच्या मादीची गाठ पाच महिन्यांच्या नरापेक्षा मोठी असू शकते. दर रविवारी प्रत्येकाचा डोळ्याच्या उंचीवरून, बाजूने, सारख्याच अंतरावरून फोटो काढा. रोज पाहणाऱ्या डोळ्याला जो फरक कळत नाही तो आठ फोटो शेजारी ठेवले की कळतो. आणि पुन्हा सांगायचे तर, एम्डेन किंवा टूलूजला गाठ येतच नाही. गाठ नाही म्हणून सगळ्या माद्या, असे ठरवणाऱ्याने जातीची पायरी गाळलेली असते.

आवाज साधारण दोन महिन्यांच्या पुढे फुटतो. नराचा आवाज चढा, तीक्ष्ण, लांबवलेला. मादीचा जाड, घोगरा, तुटक. हे ऐकायचे तर कळप एकत्र ओरडत असताना काही कळत नाही. एकेकाला कळपापासून वीस-पंचवीस पावले दूर, पण बाकीचे दिसतील असे ठेवा. ते हाक मारू लागते, ती हाक मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. तीन-चार पक्ष्यांच्या हाका लागोपाठ ऐकल्या की दोन गट आपोआप पडतात.

वागण्यावरून अंदाज चार महिन्यांनंतरच. अनोळखी माणूस किंवा कुत्रा आला की नर मान खाली लांबवून फुत्कारत पुढे येतो, माद्या मागे गोळा होतात. पण कळपात नर नसेल तर वरचढ मादीच ही कामगिरी उचलते. पाण्यात एक पक्षी दुसऱ्यावर चढला म्हणून तो नर, हेही पक्के नाही, माद्याही एकमेकींवर चढतात. आकाराचेही असेच: नर थोराड असतो, पण भरपूर खाणारी मादी खुरटलेल्या नराला मागे टाकते. यांपैकी एकट्या खुणेवर निर्णय देऊ नये. गाठ, आवाज आणि वजन तिन्ही एकाच बाजूला झुकली की मगच वहीत लिहा.

मादी अंड्यावर यायला लागली की वेंटखालच्या दोन टोकदार हाडांमधले अंतर वाढते. अंड्यावर आलेल्या मादीत तिथे साधारण तीन बोटे मावतात, नरात आणि न आलेल्या मादीत एखादेच. चिनी मादी साधारण आठ-दहा महिन्यांत पहिले अंडे देते, भारी जाती बहुधा पुढच्या हंगामात.

घाई असेल तर डीएनए तपासणी आहे. छातीची तीन-चार पिसे मुळासकट उपटून, मुळाला हात न लावता कागदी पाकिटात घालून प्रयोगशाळेला पाठवतात. जमिनीवर पडलेले पीस चालत नाही, कारण मुळाशी ताज्या पेशी लागतात. महागड्या जातीच्या पैदाशीसाठी हा खर्च योग्य. घरच्या चार पक्ष्यांसाठी तीन महिने थांबणे बरे.

कड्या आणि वही

खूण नसेल तर वरची सगळी मेहनत वाया जाते. लवेच्या वयात डोक्यावर खाण्याच्या रंगाचा ठिपका पुरतो, पण तो चार-पाच दिवसांत जातो. नंतर प्लास्टिकची गुंडाळीची रंगीत कडी पायात घाला. राजहंसाचा पाय पहिल्या दोन महिन्यांत इतक्या वेगाने जाडावतो की सैल वाटलेली कडी दहा दिवसांत रुतते. दर चार दिवसांनी पाहा, करंगळीचे टोक आत जात नसेल तर मोठी घाला. दोरा, रबरबँड किंवा केबल टाय कधीही बांधू नका, पाय सुजून पंजा जाऊ शकतो.

वहीत प्रत्येक कडीसमोर तारीख, सकाळचे उपाशीपोटीचे वजन, चोचीचा रंग, गाठ, आवाज आणि वेंटचे दोन्ही दिवसांचे उत्तर लिहा.

किती पिल्ले घ्यावीत?

न तपासलेली पिल्ले घेताना 'जोडी' मागणे हा सर्वांत वाईट सौदा. दोन पिल्लांत एक नर आणि एक मादी असण्याची शक्यता ५० टक्के. तीन घेतली तर दोन्ही लिंगे मिळण्याची शक्यता ७५ टक्के, चार घेतली तर ८७.५, पाच घेतली तर जवळजवळ ९४ टक्के. चिनी जातीत एका नराला चार ते सहा माद्या पुरतात, भारी जातींत दोन ते चार. म्हणून पाच-सहा पिल्ले एकाच घाण्याची घ्या, चौथ्या-पाचव्या महिन्यात निवड करा आणि जास्तीचे नर अंड्यांचा हंगाम सुरू होण्याआधी हलवा. हंगाम लागल्यावर एका कुंपणात दोन नर राहिले तर ते एकमेकांच्या माना धरून पंखांचे तडाखे देतात, आणि तेवढा काळ माद्यांची अंडी फळत नाहीत.